दोषशोधनाचें ग्रंथवाङ्मय

कोणत्याहि विद्येचा इतिहास लिहावयास घेतला असतां त्या विद्येचे विजय तेवढे प्रथम डोळ्यांपुढें येतात. पूल उभा राहिला तो दिवस आपण स्मरणांत ठेवतों. तो बांधतांना कोणत्या तुळईस तडा गेला होता, व तो कोणीं हुडकून काढला, हें सहसा कोठें लिहिलेलें नसतें. सॉफ्टवेअर नांवाची जी विद्या गेल्या पाऊणशें वर्षांत उदयास आली तिच्या बाबतींतहि हेंच घडलें. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीं नांवें सर्वतोमुखीं झालीं. त्यांतील चुका शोधणाऱ्यांचा वर्ग पडद्यामागेंच राहिला. तथापि ह्या वर्गाचें एक स्वतंत्र ग्रंथवाङ्मय आहे, त्यास क्रम आहे, आणि आमच्या मतें तें मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकानेंहि वाचावें इतक्या योग्यतेचें आहे. त्या वाङ्मयाचा थोडक्यांत परिचय करून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

ह्या लेखास निमित्त घडलें तें असें. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पुण्याच्या एका कंपनींत नोकरीस लागला. त्याची नेमणूक टेस्टर म्हणून झाली, तेव्हां घरच्या मंडळींस आनंदापेक्षां खेदच अधिक वाटला. बरोबरीच्या मुलांनीं प्रोग्राम लिहावे आणि आमच्या चिरंजीवांनीं त्यांच्या चुका मोजीत बसावें, हा काय प्रकार, असें त्याच्या वडिलांनीं आम्हांस विचारलें. मुलगा मात्र शहाणा. त्यानें एवढेंच म्हटलें, “काका, ह्या धंद्यांत वाचण्याजोगें कांहीं आहे का? कचेरींत मला परीक्षेचें एक गाईड दिलें आहे. तें पाठ होतें, पण समजत कांहीं नाहीं.” वडिलांचा प्रश्न प्रतिष्ठेचा होता, मुलाचा ज्ञानाचा. दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडेल असें आम्हांस वाटतें. टेस्टर, प्रोग्राम, बग हे शब्द आतां आपल्या कचेऱ्यांतून इतके रुळले आहेत कीं त्यांस संस्कृत पोशाख चढविण्याच्या भरीस आम्ही पडलों नाहीं, एवढें आरंभींच सांगून टाकतों.

(१)

‘बग’ ह्या शब्दाची एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. १९४७ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ९ व्या तारखेस हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ ह्या यंत्राच्या एका रिलेंत एक पतंग अडकून पडलेला सांपडला. तो चिकटपट्टीनें नोंदवहींत डकवून, खराखुरा किडा हातीं लागल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाचा शेरा तेथें लिहिण्यांत आला. ग्रेस हॉपर बाईंनीं ही गोष्ट पुढें इतक्या रसाळपणें सांगितली कीं शब्दाचा जन्मच त्या दिवशीं झाला असा समज पसरला. वास्तविक एडिसननें १८७८ सालच्या एका पत्रांत यंत्रांतील बारीकसारीक दोषांस हाच शब्द योजिला होता. आणि शब्द आधींपासून रूढ होता म्हणूनच तर त्या शेऱ्यांत गंमत आहे. आम्हांस ह्या गोष्टींत महत्त्व वाटतें तें निराळ्याच कारणानें. दोष सांपडला, तो दूर झाला, आणि लाज न बाळगतां तो लिहून ठेवला गेला. ती नोंदवही आज अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे.

१९४९ सालच्या मे महिन्यांत इंग्लंडांत केंब्रिज येथें ‘एड्सॅक’ हें यंत्र चालूं झालें. त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स यांनीं १९८५ सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत, यंत्राची खोली व टेप छिद्रित करण्याची जागा यांच्यामध्यें जिन्यावरून ये-जा करीत असतां, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यांत जाणार आहे ही जाणीव आपणांस एकाएकीं कशी झाली, हें त्यांनीं सांगितलें आहे. तोंवर विद्वानांची अशी समजूत होती कीं, यंत्र एकदां नीट बांधलें म्हणजे त्यास सूचना देणें हें काम केवळ कारकुनी होय. ती समजूत त्या जिन्यावर संपली.

त्याच वर्षीं २४ जून रोजीं त्याच केंब्रिज गांवीं भरलेल्या परिषदेंत अॅलन ट्यूरिंग यांनीं एक अवघा तीन पानांचा निबंध वाचला. मोठा प्रोग्राम तपासावा कसा हा त्याचा विषय. ट्यूरिंग यांनीं दिलेला दाखला आपल्या शाळांतील कोणत्याहि मुलास कळण्यासारखा आहे. मोठमोठ्या संख्यांची बेरीज करून नुसतें उत्तर लिहिलें, तर तपासनिसास ती सारी पुन्हां एका दमांत करावी लागते. पण प्रत्येक घराचा हातचा लिहून ठेवला, तर एकेक घर निरनिराळें तपासतां येतें. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेंहि तसेंच करावें; अमक्या टप्प्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे अशीं विधानें ठिकठिकाणीं नमूद करावीं, म्हणजे परीक्षकाचें काम सोपें होतें. परीक्षकाची सोय पाहणें हा लेखकाचाच धर्म आहे, हा विचार ह्या वाङ्मयांत येथें प्रथम स्पष्टपणें मांडलेला दिसतो. गमतीची गोष्ट ही कीं, चुका तपासण्यावरील हा निबंध छापतांना त्यांत इतक्या चुका राहिल्या कीं १९८४ सालीं मॉरिस व जोन्स या दोघां संशोधकांस तो शुद्ध करून पुन्हां प्रसिद्ध करावा लागला.

(२)

पुढील विचार एका पुस्तकपरीक्षणांतून आला, हें आमच्या वाचकांस विशेष आवडेल. १९५७ सालीं डॅनियल मॅक्क्रॅकन यांच्या प्रोग्रामलेखनावरील पुस्तकाचें परीक्षण करतांना चार्ल्स बेकर यांनीं दोन कामांत भेद केला. प्रोग्राम चालतो कीं नाहीं हें पाहणें हें एक, आणि तो चालतो खरा, पण मूळ प्रश्न सोडवितो कीं नाहीं हें पाहणें हें दुसरें. गाडी सुरू झाली म्हणजे ती पंढरपुरासच पोंचेल असें नाहीं! दिसण्यास हा भेद अगदीं साधा. पण पुढील सर्व ग्रंथांची इमारत त्याच्यावर उभी आहे. १९६१ सालीं लीड्स व वाइनबर्ग यांच्या पाठ्यपुस्तकांत प्रोग्रामच्या परीक्षेस एक स्वतंत्र प्रकरण मिळालें.

१९६८ च्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश येथें, व त्यानंतर एका वर्षानें रोम येथें, ‘नाटो’ संघटनेच्या आश्रयाखालीं दोन परिषदा भरल्या. सॉफ्टवेअरची कामें वेळेवर होत नाहींत, खर्च आटोक्यांत राहत नाहीं व दोष संपत नाहींत, ही तक्रार तेथें उघडपणें मांडली गेली. रोमच्या परिषदेंत डच पंडित एड्स्खर डायक्स्ट्रा यांनीं बजावलें कीं, चांचणीनें दोष असल्याचें दाखवितां येतें, दोष नसल्याचें दाखवितां येत नाहीं. ह्या विधानाचा उपयोग टेस्टरांस हिणविण्यासाठीं पुष्कळांनीं केला. आमच्या मतें त्याचा खरा बोध नम्रतेचा आहे. वैद्यानें नाडी पाहून रोग नाहीं असें सांगितलें, तरी त्याचा अर्थ मला दिसला नाहीं एवढाच असतो. म्हणून कोणी नाडी पाहणें सोडीत नाहीं.

१९७१ सालीं जेराल्ड वाइनबर्ग यांचें ‘दि सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ हें पुस्तक निघालें, आणि चर्चा यंत्राकडून मनुष्याकडे वळली. प्रोग्रामर आपल्या कृतीस आपल्या देहाचाच भाग समजतो. म्हणून तिच्यांत कोणीं चूक दाखविली कीं त्यास तो अपमान वाटतो, व मग चूक लपविण्याकडे बुद्धि धांवते, हें वाइनबर्ग यांचें निदान. ह्यावर उपाय म्हणून आपला प्रोग्राम दुसऱ्यास वाचावयास द्यावा व अहंकार बाजूस ठेवावा असें ते सांगतात. आणि जॉन फॉन नॉयमन यांच्यासारखा लोकोत्तर गणितज्ञहि आपल्या चुका शोधून द्या म्हणून इतरांच्या मागें लागत असे, असा दाखला देतात. निंदकास शेजार द्यावा असें आपल्याकडे संत सांगून गेले. वाइनबर्ग यांनीं त्यास कचेरींत टेबल दिलें इतकेंच. १९७२ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत चॅपल हिल येथें केवळ चांचणी ह्याच विषयावर एक परिषद भरली, व तिच्यांतून विल्यम हेट्झेल यांनीं संपादिलेला ‘प्रोग्राम टेस्ट मेथड्स’ हा संग्रह १९७३ सालीं बाहेर आला. विषयास आतां स्वतःचें घर मिळालें.

(३)

ह्या घरांतील देवघर म्हणजे १९७९ सालीं प्रसिद्ध झालेलें ग्लेनफर्ड मायर्स यांचें ‘दि आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हें लहानसें पुस्तक. पुस्तकाच्या आरंभींच ग्रंथकार वाचकाची परीक्षा घेतो. एक प्रोग्राम आहे. तो तीन पूर्णांक वाचतो, त्यांस त्रिकोणाच्या बाजू समजतो, आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज कीं विषमभुज तें सांगतो. हा प्रोग्राम तपासण्यास कोणकोणते आंकडे द्याल तें कागदावर लिहा, असें तो म्हणतो. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून स्वतःच हा प्रयोग करून पाहावा.

बहुतेक लोक प्रत्येक जातीचा एकेक त्रिकोण देऊन मोकळे होतात. मग मायर्स एकामागून एक चौदा प्रश्न विचारतात. दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच भरेल असे १, २, ३ हे आंकडे दिलेत काय? बेरीज तिसरीहून कमी भरेल असे १, २, ४ दिलेत काय? तेच आंकडे क्रम पालटून दिलेत काय? एखादी बाजू शून्य? एखादी ऋण? तिन्ही बाजू शून्य? तीनाऐवजीं दोनच संख्या? पूर्णांक नसलेली संख्या? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत मर्मभेदक: प्रत्येक वेळीं उत्तर काय यावयास पाहिजे हें तुम्हीं अगोदर लिहून ठेविलें होतें काय? अनुभवी व निष्णात प्रोग्रामरांसहि चौदांपैकीं सरासरी ७.८ गुण पडतात, असें मायर्स सांगतात. तीन बाजूंच्या त्रिकोणाची ही कथा, तर लाखों ओळींच्या प्रोग्रामची काय वर्णावी!

मायर्स यांचा मुख्य सिद्धांत असा: दोष शोधण्याच्या हेतूनें प्रोग्राम चालविणें म्हणजे चांचणी. तो बरोबर आहे असें दाखविण्याच्या हेतूनें जो चालवितो त्यास तो बरोबरच दिसतो. कारण मन ज्या दिशेस वळलें असेल त्या दिशेचेच आंकडे हातून निवडले जातात. रोगी खरोखर आजारी असतां प्रयोगशाळेच्या तपासणींत कांहींच न निघालें, तर त्या तपासणीस आपण यशस्वी म्हणत नाहीं. त्याचप्रमाणें जी चांचणी दोष काढते तीच यशस्वी. यश आणि अपयश ह्या शब्दांची ही अदलाबदल म्हणजे ह्या विद्येंतील खरी क्रांति होय. त्याबरोबरच, लेखकानें आपलाच प्रोग्राम आपण तपासण्याचें टाळावें असें मायर्स सांगतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें, हा न्याय जेथें चालतो तेथें परीक्षा होत नाहीं. आणि जेथें पुष्कळ चुका सांपडल्या तेथें आणखीहि सांपडण्याचा संभव अधिक, हें मायर्स यांचें निरीक्षण तर मुद्रितें तपासणाऱ्या कोणासहि पटेल.

(४)

मायर्स यांच्यानंतर दोन ग्रंथकारांचीं नांवें अवश्य घेतलीं पाहिजेत. बोरिस बायझर यांचा ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग टेक्निक्स’ हा ग्रंथ १९८३ सालीं निघाला, व १९९० सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति आली. ग्रंथ कठीण आहे, पण त्यांतील एक विचार कोणीहि विसरूं नये. शेतांत तेंच तें औषध मारीत राहिलें असतां किडे मरतात खरे, पण जे वांचतात त्यांवर तें औषध चालत नाहीं. त्याचप्रमाणें त्याच त्या चांचण्या पुन्हां पुन्हां केल्या असतां उरलेले बग त्यांस दाद देत नाहींत. ज्या विदर्भांतील शेतकऱ्यानें गुलाबी बोंडअळी पाहिली आहे त्यास हें समजावून सांगावयास नको.

केम कॅनर हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. त्यांचें ‘टेस्टिंग कॉम्प्युटर सॉफ्टवेअर’ १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. १९९३ च्या आवृत्तींत जॅक फॉक व हुंग न्विन हे सहलेखक आहेत. आधींचे ग्रंथ जणूं असें गृहीत धरतात कीं प्रोग्रामनें काय करावयाचें तें कोणीं तरी व्यवस्थित लिहून दिलेलें आहे व वेळ भरपूर आहे. कॅनर यांनीं खरी कचेरी पाहिली होती, जेथें कागद अपुरे, वेळ त्याहून अपुरा, आणि माल बाजारांत नेण्याची घाई सर्वांस. अशा स्थितींत टेस्टरानें काय करावें हें ते सांगतात. बगाची नोंद कशी लिहावी ह्यावरील त्यांचें विवेचन तर गद्यलेखनाचा पाठ म्हणून वाचावें: काय केलें असतां काय झालें, कोणत्या पायऱ्यांनीं तें पुन्हां घडवितां येतें, हें थोडक्यांत लिहावें, आणि लिहिणाऱ्याच्या अकलेविषयीं एक अक्षरहि काढूं नये, कारण नोंदीचा हेतु बग दुरुस्त व्हावा हा आहे, कोणाचा पाणउतारा व्हावा हा नाहीं. २००१ च्या अखेरीस जेम्स बाख व ब्रेट पेटिकॉर्ड यांच्यासह कॅनर यांनीं २९३ धड्यांचें ‘लेसन्स लर्न्ड इन सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हें पुस्तक काढलें. अमुक रीतच सर्वत्र उत्तम असें म्हणूं नये, प्रसंग पाहून रीत ठरवावी, हें त्याचें सार.

(५)

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं ही सारी कारागिरांची घरगुती चर्चा झाली. जगास तिचें काय? त्यास आम्ही एकच लेख वाचावयास सांगूं. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनीं १९९३ च्या जुलै महिन्यांत ‘थेरॅक-२५’ ह्या यंत्राच्या अपघातांची चौकशी प्रसिद्ध केली तो हा लेख. कर्करोग्यांस किरणोपचार देणारें हें यंत्र कॅनडाच्या एका सरकारी कंपनीनें बनविलें होतें. १९८५ च्या जूनपासून १९८७ च्या जानेवारीपर्यंत ह्या यंत्रानें सहा रोग्यांस मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा दिली. त्यांत कांहीं दगावले व कांहीं जन्माचे जायबंदी झाले.

१९८६ च्या मार्च महिन्यांत टेक्सास प्रांतांतील टायलर गांवीं काय झालें तें पाहा. यंत्र चालविणाऱ्या बाईंनीं एका प्रकारच्या किरणांऐवजीं दुसऱ्याचें अक्षर चुकून टाइप केलें, आणि लागलीच मागें जाऊन तें सुधारलें. सराईत हातांचें काम तें, क्षणांत झालें. परंतु यंत्राचीं चुंबकें जागेवर बसण्यास सुमारें आठ सेकंद लागत, व त्या अवधींत केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या लक्षांतच येत नसे. पडद्यावर सुधारलेलें अक्षर दिसत होतें; आंत यंत्र भलत्याच स्थितींत होतें. ‘मालफंक्शन ५४’ एवढीच अक्षरें उमटलीं. असले निरर्थक संदेश तेथें नित्याचेच असल्यामुळें बाईंनीं पुढें चालूं ठेवण्याची कळ दाबली. त्या रोग्याचा कांहीं महिन्यांनीं अंत झाला. कंपनीच्या माणसांनीं यंत्र तपासलें. दोष दिसला नाहीं. एप्रिलांत तेंच पुन्हां घडलें. तेव्हां त्या रुग्णालयांतील भौतिकशास्त्रज्ञ व त्याच बाई यंत्रापाशीं बसून तीं अक्षरें पुन्हां पुन्हां टाइप करीत राहिलीं, आणि अखेर दोष त्यांनीं हवा तेव्हां घडवून दाखविला. गुपित टाइप करण्याच्या वेगांत होतें! सावकाश टाइप करणाऱ्या परीक्षकास तो कधींच दिसला नसता.

ह्याहून उद्बोधक गोष्ट पुढेंच आहे. कंपनीच्या आधींच्या ‘थेरॅक-२०’ ह्या यंत्राच्या प्रोग्राममध्येंहि हाच दोष होता. पण तेथें मात्रा बेसुमार होऊं लागली कीं विजेची यांत्रिक अडसर आड येई. नव्या यंत्रांत प्रोग्रामवर विसंबून ती अडसर काढून टाकण्यांत आली. जुना प्रोग्राम वर्षानुवर्षें चालला म्हणून तो निर्दोष, हा तर्क त्यामागें होता. वास्तविक तो दुसऱ्याच्या पदराआड उभा होता. शेवटच्या अपघाताचें कारण आणखी निराळें. एक मोजणी अशा जागेंत ठेवली होती कीं दर २५६ व्या वेळीं ती शून्यावर येई, व शून्य दिसतांच एक आवश्यक तपासणी वगळली जाई. लेव्हसन व टर्नर यांचा निष्कर्ष असा कीं, एकेक बग मारीत सुटल्यानें यंत्र सुरक्षित होत नाहीं. तक्रारीवर विश्वास न ठेवणारी वृत्तिच आधीं सुधारली पाहिजे. वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें मिळालें. बोलावलें असतें तर त्या रोग्यांच्या बाजूनें बोलणारा मनुष्य त्या कारखान्यांत एकच असता, आणि तो म्हणजे टेस्टर.

(६)

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीं झालेल्या ग्रंथांचा परामर्श थोडक्यांत घेऊं. फ्रेड ब्रूक्स यांनीं ‘दि मिथिकल मॅन-मंथ’ ह्या १९७५ सालच्या पुस्तकांत आपल्या हातून झालेल्या चुका सांगून, कामाच्या वेळेपैकीं निम्मा वेळ चांचणीस ठेवावा, प्रत्यक्ष लेखनास एक षष्ठांशच पुरे, असा हिशेब दिला आहे. केंट बेक यांनीं २००२ च्या अखेरीस, प्रोग्राम लिहिण्याआधींच त्याची चांचणी लिहावी अशी उलटी रीत शिकविली; मायर्स यांचा चौदावा प्रश्न त्यांनीं पहिला केला असें म्हणतां येईल. मायकेल फेदर्स यांनीं २००४ सालीं, ज्यास चांचण्या नाहींत तो प्रोग्राम कालचा असला तरी जुनाटच, असें सांगून दुसऱ्यांच्या हातच्या जुन्या प्रोग्रामांत सुखरूप हात कसा घालावा तें दाखविलें. आणि ह्या सर्वांचा मुकुटमणि म्हणजे डॉनल्ड क्नूथ यांचा १९८९ सालचा ‘दि एरर्स ऑफ टेख’ हा लेख. आपल्या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्यें दहा वर्षांत केलेल्या साडेआठशेंहून अधिक दुरुस्त्यांची यादी क्नूथ यांनीं स्वतः प्रसिद्ध केली व त्यांचे पंधरा वर्ग पाडले. चूक दाखविणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंटांची हुंडी पाठविण्याचा त्यांचा २००८ सालापर्यंतचा परिपाठ प्रसिद्धच आहे. आणि ती वटविण्यापेक्षां भिंतीवर लावणारेच पुष्कळ असत.

ह्या वाङ्मयाच्या आरंभीं विल्क्स यांची खिन्नता आहे, मध्यें वाइनबर्ग यांचें निदान आहे, आणि शेवटीं क्नूथ यांची उघडी वही आहे. चूक ही लाजेची वस्तु न राहतां ज्ञानाची वस्तु होणें, हाच ह्या इतिहासाचा ओघ होय. आज यंत्रेंच प्रोग्राम लिहूं लागलीं आहेत, तेव्हां टेस्टराचें काम संपलें असें कोणी म्हणतात. आम्हांस उलटें दिसतें. लिहिणें जितकें स्वस्त होईल तितकें तपासणें महाग होईल. कारण जें आपण लिहिलें नाहीं त्याची जबाबदारी मात्र आपलीच राहणार.

असो. त्या मुलास आम्हीं कळविलेला क्रम येथें देऊन लेख पुरा करतों. प्रथम मायर्स, कागद-पेन्सिल जवळ घेऊन. मग कॅनर, कचेरींतील पहिल्या सहा महिन्यांत. त्यानंतर लेव्हसन व टर्नर यांचा लेख, एका बैठकींत, आणि दर वर्षीं एकदां. सहकाऱ्यांशीं खटका उडाला म्हणजे वाइनबर्ग. वरिष्ठांनीं घाई केली म्हणजे ब्रूक्स. आणि गाईड परीक्षेच्या आदल्या रात्रीं. ह्याशिवाय एक वही घालावी व स्वतःच्या चुका तारीखवार तींत लिहाव्या, असेंहि आम्हीं सुचविलें होतें. परवां तो भेटला तेव्हां वही त्याच्या पिशवींत होती, आणि तिचीं चाळीस पानें भरलीं होतीं. वडिलांनीं ती चाळून पाहिली, व मुलगा काय काम करतो हें आपणांस आतां समजलें, असें ते आम्हांस म्हणाले.